होडीच्या चित्राची काच

१

परत आलेलं चित्र तपासायची ताईंची एक ठरलेली पद्धत होती. आधी हात धुवायचे, कोरडे करायचे, मग पांढरे सुती हातमोजे चढवायचे. चित्र टेबलावर उभं करायचं, टेकू लावायचा आणि बॅटरीचा झोत बाजूने आडवा मारून रंगाला कुठे तडा गेलाय का, पापुद्रा सुटलाय का ते पाहायचं. घाई नाही, बडबड नाही. पलीकडच्या टेबलावर फ्रेम दुरुस्त करणारे काका मात्र तोंडाला कुलूप घालणाऱ्यांपैकी नव्हते.

"आल्या डॉक्टरीणबाई ऑपरेशनला," ताईंनी मोजे घातले की ते रोज म्हणायचे. रोज तेच म्हणायचे आणि रोज स्वतःच हसायचे. संग्रहातली सगळीच माणसं त्यांना काका म्हणत, अगदी त्यांच्याहून मोठीसुद्धा.

संग्रह लोकांचा होता. लोकांच्या पैशातून, आसपासच्या गावच्या चित्रकारांकडून गेल्या कित्येक वर्षांत विकत घेतलेली चित्रं. पूर्वी ती शाळांत, दवाखान्यांत, वाचनालयांत आणि चक्क लोकांच्या घरीही लावायला दिली जात. मग कुणा साहेबाच्या डोक्यात आलं आणि ते बंद झालं. आता नव्या साहेबाच्या डोक्यात आलं आणि ते पुन्हा सुरू होणार होतं. त्याआधी जाहीर झालं होतं की जुनी, परत करायची राहून गेलेली चित्रं आणून द्या, कुणी काही विचारणार नाही. आणि चित्रं यायला लागली होती. चादरीत, वर्तमानपत्रात, एक तर चक्क लहान मुलाच्या स्वेटरात गुंडाळून.

त्या दिवशी वाचनालयातून आलेलं चित्र टेबलावर होतं. डोंगराखालचं शेत, जुनी काच, जुनी फ्रेम. ताईंनी बॅटरी बाजूला ठेवली आणि काचेत खिडकी दिसली. उंच, गजांची, वरच्या तावदानातून ऊन येणारी. त्यांनी सवयीने चित्र जरा कलतं केलं, खिडकीची चकाकी जावी म्हणून.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तळघरात आहोत आणि इथे खिडकी नाही.

२

ताई काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग ट्यूबलाइटकडे पाहिलं, मग डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख कधीची आहे ते आठवलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे असं ते मागेच म्हणाले होते. ताईंना हायसं वाटलं. मोतीबिंदू परवडला.

पण पुढच्या आठवड्यात एका बंद पडलेल्या दवाखान्यातून एक चित्र आलं आणि त्याच्या काचेत छताचा पंखा फिरत होता. तळघरातला पंखा तर काकांना सर्दी होते म्हणून कधीच लावला जात नसे. पंख्याखाली एक बाक होतं. बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं आणि वाट पाहणारी माणसं हलवतात तसा पाय हलवत होतं.

"काका, जरा इकडे या."

काका आले. त्यांनी काचेवर नखाने टिचकी मारली, कान दिला, कडेने बोट फिरवलं.

"जुनी काच आहे. लाटा आहेत तिच्यात. जाणार ही."

"आत काही दिसतंय का?"

"ताई, मी काच बघतो. काचेत बघत नाही. हा धंदा असाच करायचा असतो." ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन फ्रेमच्या मागच्या खिळ्यांना भिडले. नवा नियम होता, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चित्राची काच काढून तिथे न फुटणारं अॅक्रिलिक बसवायचं, म्हणजे कुणाच्या घरी पडलं तरी पोरांच्या पायाला लागायला नको. काच सुटली, काकांनी ती भिंतीशी टेकवली. भिंतीशी ती साधी काच होती आणि तिच्यातून भिंत दिसत होती.

ताईंना वाटलं, बाकावरच्या त्या माणसाचा नंबर आता कधीच लागणार नाही. मग हा काय वेडेपणा, असंही वाटलं, आणि त्यांनी डबा उघडून जेवून घेतलं.

३

खरं सांगायचं तर ताई या नोकरीत आल्या त्या एका चित्रामुळे. त्या लहान असताना त्यांच्याही घरी चित्र येत असे.

वर्षातून एकदा बाबा ताईंना आणि धाकट्या भावाला, ढब्बूला, घेऊन संग्रहाच्या हॉलमध्ये जायचे. ढब्बूचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे, त्याचे गाल बघितल्यावर दुसरं नाव सुचायचंच नाही. हॉलमध्ये चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली असत आणि लोक बाजारात भाजी बघावी तशी ती बघत फिरत. एका चित्रावर दोन घरांचा डोळा असला की कुरबुर व्हायची. बाबा शिंपी होते. महागडी वस्तू घरात म्हणून नव्हती, पण वर्षभर त्यांच्या भिंतीवर खऱ्याखुऱ्या चित्रकाराचं खरंखुरं चित्र असायचं आणि कुणी आलं की बाबा घसा खाकरून त्याबद्दल बोलायचे. आई म्हणायची, पाहुण्याला पाणी तरी पिऊ द्या.

एका वर्षी त्यांनी होडीचं चित्र आणलं. तिन्हीसांजेची नदी, काठाला बांधलेली रिकामी होडी, बाकी सगळा काळोख. आईने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "एवढ्या चित्रांतून हे आणलंत? यात तर आपलंच तोंड दिसतंय."

खरंच दिसायचं. चित्र काळं, वर काच, समोर खिडकी. दुसऱ्या दिवसापासून आई त्याच्यासमोर उभी राहून वेणी घालायला लागली. हातातल्या फडक्याने आधी काच पुसायची, मग केस सोडायची. आई आणि तिचं ते फडकं कधी वेगळे दिसलेच नाहीत. बाबा मशीनवरून म्हणायचे, "चित्रकाराला कळलं तर जीव देईल." आई म्हणायची, "त्याला म्हणावं, एवढा उपयोग दुसऱ्या कुणी केला का तुझ्या चित्राचा?"

त्याच खोलीत बाबांच्या मशीनच्या कोपऱ्यावर आपटून ताईंच्या कपाळाला खोक पडली होती. भुवईच्या वर, तिरकी. अजून होती. आरशात बघताना ताईंना कधीकधी ती खोलीच आठवायची, आणि ती आठवली की आजचा दिवस जरा फिका वाटायचा.

४

त्या खोलीचं नंतर काय झालं, ते ताईंना तुकड्यातुकड्यांत ठाऊक होतं. एक दिवस त्या शाळेतून आल्या तर चित्राचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं. मागचा पुठ्ठा आणि तार तेवढी दिसत होती. आई ढब्बूला मांडीवर घट्ट धरून बसली होती. त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं. काय झालं विचारलं तर आई बोलेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने ढब्बूला मावशीकडे पाठवून दिलं. बाबांनी पुष्कळ समजावलं. आई एवढंच म्हणाली, "काही दिवस त्याला या घरात ठेवायचं नाही."

मावशीच्या गावात तापाची साथ आलेली आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ढब्बू परत आला नाही.

आईने त्याबद्दल आयुष्यभर तोंड उघडलं नाही. अगदी शेवटी, दवाखान्यात, भ्रमात असताना मात्र ती एकाच गोष्टीला घाबरायची. नर्स रबरी मोजे घालून सलाईन लावायला आली की आई अंग चोरून घ्यायची. "पांढरे हात नको. ते हात काढ." एकदा एका गुणी नर्सने खरंच मोजे काढले आणि उघड्या हाताने आईचा हात धरला. आई शांत झाली. "हं. आता ओळखू आलीस," ती म्हणाली. "तेव्हाही हात काढलेस तेव्हाच ओळखू आलीस. रडू नको." नर्स रडत नव्हती. ताईंनी तिला खुणेनेच सांगितलं, मनावर घेऊ नका, आईचं असंच चाललंय.

हे सगळं ताईंना आठवलं, कारण समोर मावसभाऊ उभा होता आणि त्याच्या हातात गोधडीत शिवलेलं एक गाठोडं होतं.

"आमच्या माळ्यावर सापडलं," तो म्हणाला. "आई म्हणायची, तुमच्याकडून परत करायला म्हणून आणलं आणि राहूनच गेलं. आता तुम्ही लोकांनी माफी जाहीर केलीय म्हणून आणलं. पोलिसात नाही ना देणार?"

"चहा घे आणि जा," ताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष टाक्यांकडे होतं. बारीक, एकसारखे, शेवटी दुहेरी गाठ. शिंप्याच्या बायकोचे टाके. आई गेली, तरी टाके तसेच घट्ट होते.

५

त्यांनी काका जेवायला वर गेल्यावर गाठोडं उसवलं. हातमोजे घातले होते म्हणून टाके उसवायला वेळ लागला, पण मोजे काढायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. इतक्या वर्षांची सवय.

होडी होती तशीच होती. काठाला बांधलेली, रिकामी. त्यांनी चित्र उभं केलं, टेकू लावला.

काचेत त्यांची खोली होती.

ताई खुर्ची ओढून बसल्या. समोर खिडकी, खिडकीत आईने लावलेला तो पडदा, ज्याचा खालचा काठ बाबांनी दुसऱ्या कापडाचा लावला होता. डावीकडे मशीन. मशीनवर वाकलेली बाबांची पाठ. मानेवरचे केस कापायला आलेले. ताईंनी आयुष्यात पुष्कळदा ही पाठ आठवायचा प्रयत्न केला होता आणि दर वेळी ती थोडी बदलून आठवायची. आज ती आपली आपण हलत होती, पायडल मारताना हलायची तशी.

आवाज मात्र येत नव्हता. एवढीच एक गोष्ट ताईंना भीतीदायक वाटली. मशीन चालतंय आणि आवाज नाही. आपल्या तळघरातला ट्यूबलाइट तेवढा गुणगुणतोय.

काकांची चाहूल लागली तेव्हा त्यांनी चित्र गोधडीत झाकून रॅकच्या मागे सरकवलं. "याचे रंग सुटतायत," त्या म्हणाल्या. "हे एवढ्यात हातात घेऊ नका." खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे आवाज चढला. काकांनी वर पाहिलं आणि हातातली फ्रेम पालथी केली.

पुढचे काही दिवस ताईंनी जेवणाची सुट्टी त्या चित्रासमोर काढली. डबा तसाच घरी जायचा. दोन वेण्या घातलेली, गुडघ्याला खरचटलेली मुलगी दप्तर टाकून पळायची, ती आपण. हिला कुणीतरी सावकाश चाल म्हणून सांगायला हवं, असं ताईंना वाटायचं. बाबा टाचण्या तोंडात धरून कुणाचं तरी माप घ्यायचे. आणि ढब्बू. ताईंच्या आठवणीत त्याचा चेहरा फोटोतला चेहरा होऊन बसला होता, ताठ आणि गंभीर. इथे तो चिंध्यांच्या ढिगात बसून एका पायाने दुसरा पाय खाजवत होता. असा तो होता. ताईंना ते पार विसरायला झालं होतं.

हे डोळ्यांचं नाही, एवढं त्यांना कळलं होतं. मग हे कशाचं आहे, तो विचार त्या दारातच अडवून ठेवत होत्या. आत घेतला असता तर कदाचित पुढचं टळलं असतं.

६

त्या दुपारी खोलीत ढब्बू एकटा होता. बाबांचं मशीन झाकलेलं, मुलगी शाळेत, आई आत कुठेतरी. तो रिकाम्या रिळांची आगगाडी करून जमिनीवरून ओढत होता. गाडी ओढता ओढता तो अगदी चित्राखाली आला, आणि वर बघून हसला. कुणाकडेही बघून तो असाच हसायचा. पाहुण्याकडे, मांजराकडे, दाराच्या कडीकडे.

ताईंना राहवलं नाही. त्या खुर्ची पुढे ओढून काचेपाशी वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्याला बोलावलं. ये. ये ना रे, इकडे ये. लहान मुलाला बोलावतात तसं, बोटं वळवून, मान वाकडी करून.

ढब्बू उठला. रिळं तिथेच टाकून चित्राकडे येऊ लागला, हात वर करून, उचलून घे म्हणतात तसे.

मागच्या दारात आई आली होती. केस मोकळे, हातात फडकं. वेणी घालायला आली असणार. तिने चित्राकडे पाहिलं आणि ती थांबली. आईला इतकं तरुण पाहिलेलं ताईंना आठवत नव्हतं, आणि तो चेहरा असा पांढराफटक पडलेलाही कधी पाहिला नव्हता. आई बघत होती ती थेट ताईंकडे. ताईंच्या चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे.

ताईंना एवढा आनंद झाला होता की त्या तशाच हसत राहिल्या. त्यांनी आईलाही हात केला.

आईने झेप घेऊन ढब्बूचा दंड धरला आणि त्याला मागे ओढलं. त्याच्या सदऱ्याचं बटण तुटून मशीनखाली गेलं. मग आईचा हात काचेकडे आला, मोठा होत होत आला, खोली गरकन फिरली आणि काचेत अंधार झाला.

ताई किती तरी वेळ तशाच वाकून होत्या. मग त्यांनी आपले हात डोळ्यांसमोर धरले. मोजे स्वच्छ होते. सकाळीच धुतलेले काढले होते, पांढरेशुभ्र.

७

माणसाचं डोकं अशा वेळी विचित्र वागतं. ताईंना पहिल्यांदा सुचलं ते असं की अजून वेळ आहे. आत्ता तिकडे दुपार आहे. ढब्बू उद्या सकाळी जाईल. तो अजून घरात आहे.

त्यांनी काचेवर टकटक केली. "आई," त्या म्हणाल्या. "अगं, मी आहे. आई, त्याला पाठवू नको." काचेत भिंत होती, म्हणजे भिंतीला लागून असलेला काळोख होता. त्या दिवशी त्यांनी टकटक केली, दुसऱ्या दिवशीही केली, आणि काका कुठे कामाला गेले की पुढेही करत राहिल्या, बोटांची पेरं दुखेपर्यंत. निदान बाबा तरी ऐकतील. चित्र सरळ करतील. मग त्यांना खुणा करून सांगता येईल, की मावशीच्या गावात साथ आहे, पोराला घेऊन या.

आणि मग एका दुपारी, हात काचेवर असतानाच, त्यांना ते आठवलं.

ढब्बू मावशीकडे गेल्यावर घरात टकटक व्हायची. दुपारची, भिंतीतून. बाबा म्हणायचे उंदीर आहेत. त्यांनी सापळाही आणला होता. आणि रविवारी ढब्बूला आणायला जायचं ठरलेलं असताना आई ऐन वेळी फिरली होती. दारात चपला घातलेल्या बाबांना ती म्हणाली होती, "नको. अजून आहे ते घरात. ऐकू येत नाही का तुम्हाला? आणखी थोडे दिवस राहू दे त्याला तिकडेच."

ताईंनी हात काढून घेतला. तो मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला, जणू तो आपण होऊन पुन्हा उठेल. वर जिन्यात काका कुणाशी तरी हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

८

त्यानंतर ताई आजारी असल्यासारख्या दिसू लागल्या. काका रोजचा विनोद करायचे विसरले. एक दिवस त्यांनी आपल्या टेबलावरून विचारलं, "ताई, रागावणार नसाल तर विचारतो. ते गोधडीतलं चित्र तुमच्या घरातलं आहे का?"

"हो."

"मग त्याची काच मी आजच काढतो. एकदा काच निघाली की काही राहत नाही. मी मघाशी म्हणालो ना, काचेत बघत नाही म्हणून." मघाशी म्हणजे कित्येक आठवड्यांपूर्वी. "पूर्वी बघायचो."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काका खिळे पुसत होते.

हो म्हणावं, असं त्यांना खूप वाटलं. एक खिळा, दोन खिळे, काच भिंतीला टेकवायची आणि मोकळं व्हायचं. पण त्या घरातली अजून एक दुपार शिल्लक होती आणि ती त्यांना आता लख्ख आठवत होती.

ढब्बूची बातमी आली त्यानंतर आई अंथरुणाला खिळली होती. जेवत नव्हती, बोलत नव्हती, केसांच्या जटा झाल्या होत्या. बाबा शेजारणीला हळूच म्हणाले होते, ही पण जाणार असं दिसतंय. त्या दुपारी ताई शाळेत गेल्या नव्हत्या, पांघरूण घेऊन कोपऱ्यात झोपेचं सोंग करून पडल्या होत्या. आई उठली. भिंतीपाशी गेली आणि तिने चित्र सरळ केलं. मग त्याच्यासमोर उभी राहून बोलू लागली. आधी मोठ्याने, मग हळू. पोरीला एवढंच ऐकू आलं, "माझा दे परत. माझा मला दे." मग बराच वेळ काहीच नाही. मग आईने मान वळवून पोरीकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं, पुन्हा पोरीकडे. ती नजर अशी होती की पोरीने डोळे मिटून घेतले. पण त्या संध्याकाळी आईने न्हाऊन केस विंचरले आणि चूल पेटवली. मुलीला जवळ घेऊन घास भरवले. ती पुढे खूप वर्षं जगली. चित्र मात्र तिनेच गोधडीत शिवून मावशीच्या हवाली केलं.

आज काच काढून टाकली असती आणि त्या दुपारी तिच्यात कुणीच नसतं, तर आईने नुसती होडी पाहिली असती. होडी, काळोख आणि कुणीच नाही. मग ती पुन्हा अंथरुणावर जाऊन पडली असती.

"थोडे दिवस थांबा, काका," ताई म्हणाल्या. "मग तुम्हीच काढा."

"उद्घाटन जवळ आलंय."

"माहितीय मला."

९

त्या रोज खुर्ची टाकून बसत. इतर चित्रं एकेक करून नव्या अॅक्रिलिकसकट वर जात होती. हॉलमध्ये ती भिंतीला टेकवून ठेवली जात होती, अगदी पूर्वीसारखी. वरून साहेबांचे निरोप येत, ताई हो म्हणत आणि बसून राहत. रॅक रिकामे झाले तसा तळघरात आवाज घुमायला लागला. काका आपल्या टेबलावर पाठ करून काम करत. आता तेही बोलत नसत, पण उठूनही जात नसत, याचं ताईंना बरं वाटायचं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी काचेच्या एका कडेला उजेडाची रेघ आली.

ताईंचा हात आपोआप मोज्यांकडे गेला होता. ते घातलेलेच होते. त्यांनी ते काढले. एक, मग दुसरा, बोटबोट ओढून, घाई न करता, आणि टेबलाखाली टाकले. हातांवरच्या शिरा दिसत होत्या, बोटाला शाई लागली होती. ते हात त्यांनी काचेसमोर उघडे ठेवले, हलवले नाहीत.

खोली फिरून सरळ झाली. आई समोर होती, अगदी जवळ, वेणी घालायला उभी राहायची तेवढी जवळ. केसांच्या जटा, सुकलेले ओठ. ती बोलत होती. आवाज येत नव्हता, पण शब्द ताईंना पाठ होते. आई ओरडत होती, मग विनवत होती, मग नुसते ओठ हलत होते.

ताईंकडे द्यायला काही नव्हतं. ढब्बू नव्हता, कारणही नव्हतं. एवढी वर्षं ज्या बाईची त्यांना चीड येत होती, आईच्या डोक्यातली ती पांढऱ्या हातांची बाई, तिला आता कुठे लपायलाही जागा नव्हती. त्या रडू लागल्या. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, नंतरही नाही. आता तोंड वेडंवाकडं करून, नाक ओढत, लहान मुलीसारख्या रडल्या.

आईचे ओठ थांबले. ती काचेच्या आणखी जवळ आली. तिने ताईंच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग कपाळाकडे. भुवईच्या वर, तिरक्या खुणेकडे. तिथे तिची नजर खिळून राहिली.

मग आईने मान वळवली. तिच्या मागे, कोपऱ्यात, पांघरुणाखाली एक मुलगी झोपेचं सोंग घेऊन पडली होती आणि तिच्या कपाळावरचे केस बाजूला झाले होते. आईने तिच्याकडे पाहिलं. पुन्हा काचेकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे.

मागे काकांनी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. त्यांनी या वेळी काचेत पाहिलं का, ते ताईंना कळलं नाही.

आईने हातातलं फडकं उचललं, आणि ताईंचे डोळे जिथे होते तिथे काच हळूहळू पुसू लागली.